वर्गातलं मूल आणि त्याच्या बाई

पनवेलजवळचं करंजाडे म्हणजे जुनं गाव आणि त्याला लागून उभी राहिलेली सिडकोची वसाहत. शेजारच्या वडघरला विमानतळासाठी उठलेली गावंही वसली आहेत. अशा भागात पहिलीच्या वर्गात अंगण सोडून आलेलं मूल असतं, तसंच नुकतंच भाड्याच्या घरात आलेलंही. ते गप्प राहतं, डबा न उघडता परत नेतं, रोज सकाळी पोट दुखतं म्हणतं. अशा वेळी त्याला रागावू नका. नावानं हाक मारा, जवळ बसवा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या १७व्या कलमानं मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही मनाई केली आहे. आणि बाईंचं काय? वर्ग सांभाळून जनगणना, निवडणूक ही कामंही त्यांच्याकडे येतात. त्या थकल्या की वर्गही कोमेजतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुख्याध्यापकांनी त्यांना आठवड्यातून एकदा तरी निवांत विचारावं, "कशा आहात?"

मन फारच जड झालं तर 'टेलिमानस'ला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं. संकटातल्या मुलासाठी १०९८. दोन्ही क्रमांक शाळेच्या फळ्यावर आजच लिहा.