माप कोणाचे?



आपल्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही मोटारी तपासणारी संस्था आहे. मोटारीच्या टकरीची परीक्षा हल्ली पुतळ्यांवर घेतात, तशीच संगणकातल्या माणसांवरही. त्या माणसांची उंची, वजन, हाडे खऱ्यासारखी हवीत. नेहमीचा पुरुष १७५ सेंटिमीटर, ७८ किलो. बाई सुमारे १५२ सेंटिमीटर; अमेरिकेत ती अगदी ठेंगणी, पण आपल्याकडे तीच सर्वसाधारण! पुरुषाच्या मापाने बेतलेला पट्टा आपल्या मानेवर रुतू शकतो. पोलके शिवताना आपण दुसऱ्याचे माप चालवून घेत नाही. मग जिवाच्या बाबतीत का घ्यावे? गाडी घेताना स्वतः बसून पाहा. पट्टा खांद्यावर व पोटाखाली, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. न बसला तर विचारायला संकोचू नका.