सूर्यद्वारापासून चंद्रद्वारापर्यंत

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लिखित मजकूर)

भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील अलेक्झांड्रिया या बंदराचा मुख्य राजमार्ग रोमन काळात पूर्वेच्या सूर्यद्वारापासून पश्चिमेच्या चंद्रद्वारापर्यंत सरळ जात असे. राजस्थानातील जयपूरचा मुख्य राजमार्गही पूर्वेच्या सूरजपोलपासून पश्चिमेच्या चांदपोलपर्यंत सरळ जातो. पहिले नगर सिकंदराने इ. स. पूर्व ३३१ मध्ये वसवले. दुसऱ्याची पायाभरणी सवाई जयसिंहाने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी केली. दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आणि मध्ये समुद्र, वाळवंटे, पर्वत. तरी एका नगरातील दोन ग्रंथ दुसऱ्या नगरात येऊन पोहोचले, आणि ते पोहोचवणारा पंडित महाराष्ट्रीय होता. त्या ग्रंथांच्या निमित्ताने ही दोन्ही नगरे पाहणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

द्वारांच्या नावांतील साम्य हा योगायोग समजावा. जयपूरची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांनी अलेक्झांड्रियाचा नकाशा पाहिला होता असे मानण्यास आधार नाही. पूर्वेला सूर्य आणि पश्चिमेला चंद्र ही कल्पना कोणत्याही संस्कृतीला सहज सुचण्याजोगी आहे. खरे साम्य निराळे आहे. ही दोन्ही नगरे हळूहळू वाढलेल्या खेड्यांची शहरे झालेली नाहीत; ती आधी आखली गेली आणि मग वसली. अलेक्झांड्रियाच्या दोन प्रमुख रस्त्यांची रुंदी शंभर ग्रीक फुटांहून अधिक होती असे स्ट्रेबो या भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. जयपूरचे मुख्य रस्ते सुमारे १११ फूट रुंद आहेत. अलेक्झांड्रियाची अशीही आख्यायिका सांगतात की, आखणीसाठी खडू अपुरा पडला म्हणून सातूच्या पिठाने रेघा ओढल्या आणि पाखरांनी ते पीठ टिपून खाल्ले. राजा अस्वस्थ झाला; ज्योतिष्यांनी मात्र हे नगर पुष्कळांना अन्न देईल असा अर्थ काढला. अर्थ सोयीचा होता, पण पुढे तो खरा ठरला.

अन्न येई ते बंदरातून. किनाऱ्यासमोरच्या फॅरोस बेटाला जोडणारा बांध घातल्यामुळे दोन्ही बाजूंना दोन बंदरे तयार झाली होती, आणि बेटावर इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात शंभर मीटरांहून उंच दीपस्तंभ उभा राहिला. नाईलच्या खोऱ्यातील धान्य, पपायरसचा कागद, काचेची भांडी येथून बाहेर जात. भारताचा माल तांबड्या समुद्रावरील बेरेनिकेसारख्या बंदरांत उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलपर्यंत येई आणि तेथून होडीने अलेक्झांड्रियाला. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण आणि सोपारा यांची नावे आहेत. पैठण आणि तेर येथून माल गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याचेही त्यात नमूद आहे. व्यापार एकतर्फी नव्हता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती अलेक्झांड्रियाच्या घडणीची असावी असे अभ्यासक मानतात. पंचगंगेच्या काठी, समुद्रापासून इतक्या दूर, हा परदेशी सागरदेव कोणी आणि कशासाठी आणला असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात तो आजही आहे.

परंतु अलेक्झांड्रियाची कीर्ती मालापेक्षा ग्रंथांमुळे टिकली. टॉलेमी राजांनी तेथे विद्यापीठ आणि ग्रंथालय उभारले. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने भूमितीचे तेरा अध्याय तेथेच रचले. पुढे एराटोस्थेनिसने एका दूरच्या गावातील मध्यान्हीची सावली आणि अलेक्झांड्रियातील सावली यांची तुलना करून पृथ्वीचा परीघ काढला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ज्योतिर्विद टॉलेमीने (नाव तेच असले तरी हा राजवंशातला नव्हे) आकाशातील गतींचे गणित सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथालय पुढे नष्ट झाले. ते कोणी आणि केव्हा नष्ट केले यावर वाद आहेत. दीपस्तंभ भूकंपांनी ढासळला आणि १४७७ मध्ये सुलतान कैतबेने त्या जागी किल्ला बांधावयास घेतला. युक्लिड आणि टॉलेमी मात्र वाचले, कारण नवव्या शतकात बगदादमध्ये त्यांचे अरबीत भाषांतर झाले होते. तेराव्या शतकात इराणातील मराघा वेधशाळेशी संबंधित नसीरुद्दीन तूसी याने दोन्ही ग्रंथांच्या सुधारित अरबी आवृत्त्या सिद्ध केल्या. याच अरबी आवृत्त्या पुढे जयपूरच्या दरबारात पोहोचल्या.

येथे सम्राट जगन्नाथ हे नाव येते. हे महाराष्ट्रीय ब्राह्मण वेदविद्येत पारंगत होते आणि जयसिंहाच्या पदरी होते. दरबारात महाराष्ट्रीय पंडित ते एकटेच नव्हते. राजाचे गुरू रत्नाकर पुंडरीक हेही मूळचे महाराष्ट्रीय, आणि त्यांच्या नावाची हवेली जयपूरच्या ब्रह्मपुरीत आहे. (कोल्हापूरची ब्रह्मपुरी आणि जयपूरची ब्रह्मपुरी यांचा परस्परांशी काही संबंध नाही, पण या कथेत दोन्ही याव्यात ही गंमत आहे.) जगन्नाथांनी राजाच्या इच्छेनुसार अरबी आणि फारसी भाषा आत्मसात केल्या. ज्या काळी पंडितवर्गात यावनी विद्येचा स्पर्शही अनेकांना नकोसा वाटे, त्या काळी एका वैदिक ब्राह्मणाने अरबी ग्रंथ मांडीवर घेऊन बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती. तूसीच्या अरबी प्रतीवरून त्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली, आणि १७३२ मध्ये टॉलेमीचा ग्रंथ ‘सम्राट सिद्धांत’ म्हणून सिद्ध केला.

‘रेखागणिता’त पंधरा अध्याय आणि ४७८ प्रमेये आहेत. अरबीत प्रमेयाला ‘शक्ल’ म्हणत. त्याला जगन्नाथांनी ‘शकल’ हा शब्द योजला. संस्कृतात शकल म्हणजे तुकडा. म्हणजे शब्द अरबीही राहिला आणि संस्कृतही झाला. चांगला भाषांतरकार परकीय शब्दाला हाकलतही नाही आणि त्यापुढे शरणही जात नाही, हे या एका शब्दात दिसते. बिंदूची व्याख्या करताना, जो दिसू शकतो पण ज्याचे भाग पडत नाहीत तो बिंदू, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली आहे. रेखा, बिंदू, कोण हे त्यांचे शब्द मराठी शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला परके वाटणार नाहीत. हिंदीत तर या विषयालाच रेखागणित म्हणतात.

भाषांतर चालू असतानाच राजवाड्याशेजारी जंतरमंतर उभे राहत होते. पितळी यंत्रे लहान असतात, झिजतात, हलतात. म्हणून जयसिंहाने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधण्याचे ठरवले. एकूण यंत्रे एकोणीस. त्यांतील सर्वांत मोठे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची तिरकी भिंत जयपूरच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे सुमारे २७ अंशांच्या कोनात उभी असून तिची सावली अर्धवर्तुळाकार पट्टीवर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. वाट पाहिली तर काळ डोळ्यांना सरकताना दिसतो. राजाने येथेच न थांबता पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवले आणि ला हिर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके मागवली. ती स्वतःच्या वेधांशी ताडून पाहता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आढळल्याचे त्याच्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे. ग्रीक असो, अरबी असो की युरोपीय, कोणत्याही ग्रंथावर आकाशात पाहून खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, अशी त्याची रीत होती.

१७४३ मध्ये जयसिंह गेला आणि हे सारे थंडावले. वारसाहक्काच्या भांडणात मराठी फौजा ओढल्या गेल्या. त्रिपोलियाजवळ ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा आहे. जयसिंहाचा पुत्र ईश्वरीसिंह याने राजमहलच्या लढाईतील विजयाप्रीत्यर्थ तो १७४९ मध्ये बांधला. दुरून तो एखाद्या दीपस्तंभासारखा दिसतो, पण त्याच्या भोवतीचा इतिहास काळोखाचा आहे. पुढच्याच वर्षी खंडणीचा तगादा लावत होळकरांची फौज शहराजवळ आली, तेव्हा ईश्वरीसिंहाने विष घेऊन प्राण दिला. आणि जानेवारी १७५१ मध्ये संतापलेल्या जयपूरकरांनी शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल केली. जयपूरला महाराष्ट्राची ओळख अवघ्या वीस वर्षांत जगन्नाथांचीही झाली आणि खंडणीचीही. जंतरमंतर दाखवताना पहिली सांगावी आणि ईसरलाट दाखवताना दुसरी वगळावी, असे करणे उचित नाही.

‘रेखागणिता’ला वाचक मिळाले नाहीत. तो राजाश्रयाचा ग्रंथ होता. तो शिकवणारी शाळा नव्हती. त्याच्या हस्तलिखित प्रती राहिल्या, आणि छापील स्वरूपात तो ‘बॉम्बे संस्कृत सीरिज’मध्ये १९०१-०२ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत महाराष्ट्रातील मुले भूमिती शिकू लागून बराच काळ लोटला होता, पण ती निराळ्या वाटेने आली होती. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी इंग्रजीवरून गणिताची मराठी पुस्तके तयार केली. म्हणजे अलेक्झांड्रियाचा युक्लिड मराठी मुलापर्यंत बगदाद, मराघा, जयपूर या वाटेने येण्याऐवजी युरोपातून जहाजाने मुंबई बंदरात उतरला. जगन्नाथांचे भाषांतर उणे होते म्हणून हे घडले नाही. जर्विसांच्या पुस्तकाला वर्ग मिळाला, फळा मिळाला, मातृभाषेत शिकवणारा पंतोजी मिळाला. जगन्नाथांच्या पोथीला वेष्टण मिळाले. मराठी माध्यमाच्या शाळेत पाल्याला घालावे की नाही यावर आज घरोघरी जी चर्चा होते, तिच्यात हा दोनशे वर्षांपूर्वीचा तपशील सहसा कोणी काढत नाही.

आजची दोन्ही नगरे गजबजलेली आहेत. पन्नास लाखांहून अधिक वस्तीच्या अलेक्झांड्रियात सकाळ अन्फूशीच्या मासळीबाजाराने उजाडते, न्याहारीला शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांचे ‘फूल’ असते, आणि संध्याकाळी सारे शहर समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर हवा खायला येते. जुन्या ग्रंथालयाच्या स्मरणार्थ २००२ मध्ये नवे भव्य ग्रंथालय तेथे खुले झाले. जयपूरला समुद्र नाही, पण बंदराची वृत्ती आहे. जौहरी बाजारच्या गल्ल्यांत झांबिया आणि कोलंबियाचे पाचू येतात, पैलू पाडून पुन्हा जगभर जातात. मनिहारांच्या रस्त्यावर शेगडीवर लाख तापवून गिऱ्हाईकाच्या मनगटाच्या मापाची बांगडी समोर वळून दिली जाते. सकाळी कांद्याच्या कचोरीसाठी रांग, श्रावणात तीजेला घेवर, संक्रांतीला गच्च्यांवर पतंग. ज्या गुलाबी रंगासाठी शहर ओळखले जाते तो १८७६ मधील ब्रिटिश युवराजाच्या भेटीच्या वेळचा, जयसिंहाचा नव्हे.

आणखी एक पाहुणी जयपुरात आहे. १८८७ मध्ये खुल्या झालेल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात इजिप्तमधील अखमीम येथील तुतू नावाच्या स्त्रीची ममी आहे. ती टॉलेमी राजवंशाच्या काळातील मानतात, म्हणजे अलेक्झांड्रिया राजधानी असतानाची. ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत संग्रहालयात पाणी शिरले तेव्हा कर्मचाऱ्यांनी काच फोडून तिला वर उचलले आणि वाचवले.

शाळेची सहल जयपूरला गेली, तर हवामहालासमोरच्या छायाचित्रांसाठी राखलेल्या वेळातून थोडा वेळ काढून विद्यार्थ्यांना सम्राट यंत्रापाशी उभे करावे. ऊन असावे आणि हातात घड्याळ असावे. यंत्र जयपूरची स्थानिक वेळ दाखवते. ती भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागे असते, आणि सूर्याच्या वार्षिक गतीमुळे त्यात ऋतुमानाप्रमाणे काही मिनिटांचा फरक पडतो. हा हिशेब मुलांनी वहीत स्वतः मांडावा, आणि मग दुपारी अल्बर्ट हॉलकडे जावे.