पाइप: मातीचा, लाकडाचा, कपाटातला



इंग्लंडात पाइप ओढणं हा एकेकाळी शौक नव्हताच. ती रोजची सवय होती, आणि तीही स्वस्तातली. सतराव्या-अठराव्या शतकातले पाइप पांढऱ्या मातीचे असत. मोडला की फेकला, दुसरा घेतला. लंडनमध्ये थेम्सच्या काठी ओहोटीच्या वेळी त्यांच्या नळ्यांचे तुकडे अजूनही सापडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधल्या सें-क्लोद गावचे कारागीर ब्रायरचे पाइप घडवू लागले. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. लाकूड कठीण, सहजी न जळणारं. पाइप वर्षानुवर्षं टिकू लागला आणि मग त्याचे लाड सुरू झाले. नव्या पाइपात आधी थोडीच तंबाखू भरायची, आतून कोळशाचा पातळ थर धरू द्यायचा, थर वाढला की खरवडायचा, ओढून झाल्यावर पाइपला विश्रांतीही द्यायची! शौक जन्मला तो इथे, या उस्तवारीत.

पुढे पाइपला रुबाब आला. ब्रिटनचे मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन चारचौघांत पाइप ओढत, खासगीत मात्र त्यांना सिगार आवडे. सिगार पडला श्रीमंतांचा. मतदारांपुढे पाइपच बरा. शिवाय अडचणीचा प्रश्न आला की पाइप पेटवता पेटवता विचार करायला सवड मिळते. १९६५ साली वर्षातले उत्तम पाइप ओढणारे म्हणून त्यांना किताबही मिळाला. असा किताब दरवर्षी दिला जाई, यावर आजच्या मुलांचा विश्वास बसणार नाही. तंबाखूच्या जाहिरातींवर कायद्याने बंधनं आली आणि २००४ साली तो बंद पडला. १ जुलै २००७ पासून तर इंग्लंडातल्या पबमध्ये बसून पाइप पेटवायचीही सोय उरली नाही.

आजचा शौकीन बोलतो ते लाकडाविषयी. रेषा सरळ उतरल्या आहेत का, कारागीर कोण, डेन्मार्कच्या सिक्स्टन इवारसन यांच्या हातचा पाइप कुठे मिळेल. पणजोबांनी जी वस्तू बेफिकिरीने फेकली, ती पणतू मखमलीत ठेवतो. मला हा पणतू जास्त शहाणा वाटतो. कारण पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा जुना समज खोटा आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका त्यातही आहे.

तेव्हा घरात कुणाचा जुना ब्रायर असेल, तर पुसून कपाटात जरूर मांडा. पेटवू मात्र नका.