अंगणांतील नळ आणि त्याचें अंदाजपत्रक

घर बांधून होतें, रंगसफेती होते, आणि मग घरमालकाला शेवटीं आठवण होते ती अंगणांतील नळाची. तुळशीला पाणी हवें, बाहेरून आल्यावर पाय धुण्यास हवें, गाडी धुण्यास हवें. "एक नळच तर काढायचा आहे," असें म्हणून तो प्लंबरला बोलावतो. आणि तोहि उंबरठ्याशीं उभ्याउभ्याच एक आंकडा सांगून मोकळा होतो. या आंकड्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण मोठ्या इमारतींपेक्षां तंटे अधिक होतात ते अशाच लहान कामांत.

मी स्वतः हा धंदा करतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडील एका घरीं, मीं असाच आंकडा चिठ्ठीवर लिहून दिला : चाळीस फूट पाइप, दीड फूट खोल चर, एक नळ. खणूं लागलों तों वीतभर मातीखालीं काळा कातळ लागला. एका दिवसाच्या कामाला चार दिवस लागले. दोन गडी छिन्नी-हातोडा घेऊन बसले. जादा मजुरी मागतांच मालक म्हणाले, "चिठ्ठींत खडकाचा शब्द कोठें आहे?" तो खरोखरच नव्हता. मीं चरफडत तोटा सोसला. पण घरीं परततांना मनाशीं कबूल करावें लागलें, कीं मालकांनीं मला फसविलें नव्हतें. माझ्याच अर्धवट चिठ्ठीनें मला फसविलें होतें.

सातारा आणि सांगली हीं दोन्ही कृष्णाकांठचीं गांवें. पण भूमि निराळी. साताऱ्याला डोंगरउतार, मुरूम आणि कातळ. सांगलीकडे खोल काळी माती : उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, पावसाळ्यांत ती फुगते, आणि ही सारी ओढाताण पुरलेल्या पाइपच्या जोडांवर येते. तेथें चर खणणें सोपें. परंतु पाइपच्या खालीं व भोंवतीं वाळू वा मुरूम भरला नाहीं, तर कांहीं वर्षांत जोड गळूं लागतात. एके ठिकाणीं खर्च खणण्यांत, तर दुसऱ्या ठिकाणीं भरण्यांत. दोन्ही गांवांना एकच दर सांगणारा ठेकेदार एका ठिकाणीं स्वतः बुडतो आणि दुसऱ्या ठिकाणीं मालकाला बुडवितो. शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं सांगलीनें जे महापूर पाहिले, त्यांत सखल वस्तींतील अंगणेंच काय, घरेंहि पाण्याखालीं गेलीं. अशा जागीं बाहेरच्या नळाचा फांटा बंद करणारी चावी घरांत, उंचावर असावी. तिचा खर्चहि अंदाजपत्रकांत दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. आपल्या बहुतेक गांवांत पाणी ठराविक वेळींच सुटतें. पुरवठा थांबला, कीं उंचावरील नळींतलें पाणी खालच्या वस्तीकडे उतरूं लागतें आणि वरच्या नळींत शोष निर्माण होतो. त्या क्षणीं अंगणांतील नळाला लावलेल्या रबरी नळीचें टोंक शेवाळलेल्या हौदांत बुडालेलें असेल, तर तें घाण पाणी उलट ओढलें जाऊन पिण्याच्या पाण्यांत मिसळतें. यावर उपाय साधा आहे. नळाचें तोंड हौदाच्या कांठाहून वर ठेवावें, आणि फांट्यावर पाणी एकाच दिशेनें जाऊं देणारी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवावी. पण दर पाडण्याची चढाओढ लागली, कीं अंदाजपत्रकांतून प्रथम नाहींशी होते ती हीच झडप. कारण नळ उघडतांच पाणी तर येतेंच!

तीच गोष्ट पाइपची. नुसतें 'अर्धा इंची लोखंडी पाइप' एवढें लिहून भागत नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें त्याचे तीन वर्ग आहेत : हलक्यावर पिवळा पट्टा असतो, मध्यमावर निळा, जडावर तांबडा. अर्धा इंची पाइपच्या भिंतीची जाडी अनुक्रमें २.०, २.६ आणि ३.२ मिलिमीटर. दोन दरपत्रकांतील अंतर पुष्कळदां या पट्ट्याच्या रंगांतच दडलेलें असतें. प्लॅस्टिकचा पाइप स्वस्त पडतो खरा. पण उघड्या उन्हांत तो ठिसूळ होतो. तो पुरलेला किंवा झांकलेला असावा.

आतां आम्हां ठेकेदारांची तक्रार. सविस्तर अंदाजपत्रक द्यावें, तर कांहीं मालक तोच कागद दुसऱ्यापुढें ठेवून म्हणतात, "यापेक्षां कमी सांगा." पाहणीचे श्रम आमचे, काम दुसऱ्याचें! त्यामुळें मी कांहीं काळ तपशील झांकून केवळ बेरीज देत असें. परिणाम उलटाच झाला. मालकाच्या हातीं तुलनेला बेरजेवांचून कांहींच उरेना, आणि ज्यानें सर्वांत अधिक वस्तु गाळल्या त्याचीच बेरीज लहान ठरूं लागली. आतां मी पाहणीची अल्प फी आधीं घेतों, काम मिळाल्यास ती बिलांतून वजा करतों, आणि तपशील मोकळेपणानें देतों.

कायदाहि येथें उपयोगी पडतो. १८७२ च्या भारतीय कराराच्या कायद्याप्रमाणें प्रस्तावांत मुदत लिहिली असेल, तर ती संपतांच प्रस्ताव संपतो; नसेल तर 'वाजवी काळ' किती, यावर वाद माजतो. म्हणून 'हा दर पंधरा दिवसांपुरता' हें वाक्य अवश्य असावें. त्याच कायद्याच्या सातव्या कलमान्वयें स्वीकार निरपवाद असावा लागतो. "दर मान्य, पण पाइप तांबड्या पट्ट्याचा घाला," हा स्वीकार नव्हे. तो नवा प्रस्ताव होय, आणि त्याला नवा आंकडा हवा. फुकट करण्याचा हेतु नसतां केलेल्या जादा कामाचा लाभ मालकानें घेतला, तर सत्तराव्या कलमाखालीं भरपाई मागतां येते. परंतु अंगणांतल्या नळासाठीं कोर्टाची पायरी चढणें म्हणजे नळाहून वकील महाग! त्यापेक्षां जादा कामाच्या ओळीखालीं दोघांनीं आधींच सही करावी, हें बरें.

तेव्हां पुढच्या वेळीं अंगणांत नळ काढाल, तेव्हां बेरीज पाहण्याआधीं पांच गोष्टी कागदावर आहेत कीं नाहींत तें पहा : पाइपचा वर्ग व लांबी, चराची खोली, खडक लागल्यास फुटामागें दर, चावी व झडप, आणि दराची मुदत.

साताऱ्याच्या त्याच मालकांनीं कांहीं वर्षांनीं मला परसांतील दुसऱ्या नळासाठीं बोलावलें. मी लिहीत असतां तेच म्हणाले, "खडकाचें आधीं लिहा." लिहिलें. त्या खेपेस दीड फुटापर्यंत नुसता मुरूम लागला, आणि ठरल्या पैशांत काम एका दिवसांत उरकलें.