तुपाच्या थेंबाखाली वाढलेली लस



लस आणि समाज या विषयावरच्या संमेलनाला परळइतकी हक्काची जागा दुसरी नाही. हाफकिन संस्थेची जुनी वास्तू इथेच, परळमध्ये आहे. एके काळी ते मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होते. १० ऑगस्ट १८९९ रोजी तिथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९२५ मध्ये तिला वाल्देमार हाफकिन यांचे नाव मिळाले. पण लस जन्मली ती इथे नाही. ती जन्मली भायखळ्याला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत, आणि आज मला त्या खोलीविषयीच बोलायचे आहे.

२३ सप्टेंबर १८९६ या दिवशी मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रोग्याच्या आजाराचे निदान केले. ताप आणि गाठ पाहून त्यांनी निःशंकपणे सांगितले, हा प्लेग आहे. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. ही साथ मुंबईत उगवली नव्हती. चीनच्या युन्नान प्रांतातून ती कँटन आणि हाँगकाँगला आली आणि तिथून व्यापाराच्या वाटेने बंदरोबंदरी पसरली. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन आणि किटासाटो यांनी तिच्या जंतूचा छडा लावला होता. म्हणजे शत्रू ओळखीचा झाला होता, पण त्याच्याशी लढायला हाती काही नव्हते. गोदामांतून उंदीर मरून पडत होते, माणसे बोचकी बांधून गावाकडे निघाली होती, आणि काही महिन्यांतच जवळपास निम्मे शहर रिकामे झाले.

सरकारने हाफकिन यांना बोलावले. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस तयार केलेला, १८९३ पासून हिंदुस्थानात ती टोचत फिरणारा हा ज्यू जंतुशास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत दाखल झाला. त्याला मिळाले काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई.

लस कशी केली ते थोडे सविस्तर सांगतो, कारण विज्ञानाचे मोठेपण मला नेहमी तपशिलात दिसते. जंतू वाढवायला मांसरस लागतो. ही लस हिंदूला आणि मुसलमानाला दोघांनाही टोचायची, म्हणून हाफकिननी गाय आणि डुक्कर दोन्ही टाळले आणि बकऱ्याच्या मांसापासून रस तयार केला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. आपल्या स्वयंपाकघरातलेच तूप. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून वाढू लागले आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागले. चंबू हलवला की त्या पारंब्या तुटून तळाशी बसत आणि थेंबाखाली नव्या फुटत. असे काही आठवडे चालले. चंबू मात्र एरवी अजिबात हलता कामा नये, नाहीतर पारंब्या धरतच नाहीत. मग सगळा साठा सुमारे ७० अंश सेल्सिअसला तापवून जंतू मारायचे, त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि बाटल्या भरायच्या. पुढे कित्येक वर्षे जगभर गेलेल्या लसीची कृती ही एवढी.

तीन महिने लागले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी स्वतःला १० घनसेंटीमीटर लस टोचून घेतली. नंतर लोकांना जेवढी देत, त्याच्या कितीतरी पट. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, आणि त्यांनी काम थांबवले नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी पुढे आले त्यांना टोचले, बाकीचे तसेच राहिले. न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांपैकी दोघे आजारी पडले, दगावला कोणीच नाही.

त्या काळात मुंबई म्हणजे जगाची प्लेग प्रयोगशाळाच झाली होती. येर्सिन न्हा ट्रांगहून घोड्याच्या रक्तापासून केलेला लसद्रव घेऊन १८९७ च्या मार्चमध्ये इथे आले. चीनमध्ये त्याचा गुण आला होता, मुंबईत मात्र त्याने निराशा केली. जर्मन पथक आले, त्यात रॉबर्ट कॉख होते. व्हिएन्नाहून पथक आले, त्यातले डॉ. म्युलर इथून वाचून परतले आणि १८९८ मध्ये व्हिएन्नातच, प्रयोगशाळेतून पसरलेल्या प्लेगच्या रुग्णावर उपचार करताना मरण पावले. इटलीचे लुस्टिग आपला वेगळा लसद्रव घेऊन आले. फ्रेंच सिमाँ यांनी १८९८ च्या जूनमध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले की उंदरावरची पिसूच हा रोग पोचवते, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही. देशोदेशींचे हे लोक एकमेकांशी चढाओढही करत होते आणि एकमेकांचे निष्कर्ष वाचतही होते. महासाथीत लस शोधताना जगाने अशी एकत्र धडपड केल्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण आहे, आणि ते आपल्या शहरात घडले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण या अभिमानाबरोबर दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मी खाली बसू शकत नाही. खोलीत जे घडत होते त्याच्या नेमके उलट रस्त्यावर घडत होते. संशयित रुग्णांना घरातून उचलून नेले जात होते. २९ ऑक्टोबर १८९६ ला संतापलेले गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला आणि झडतीचा, विलगीकरणाचा अधिकार सरकारच्या हाती आला. पुण्यात गोरे सोजीर माजघरापर्यंत शिरले, त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला प्लेगनेच गेल्या. एकीकडे बुटाने दार उघडायचे आणि दुसरीकडे त्याच दारात उभे राहून विश्वासाने दंड पुढे करा म्हणायचे, हे लोकांच्या गळी कसे उतरावे? टोचल्याने माणूस मरतो, नपुंसक होतो, धर्म बाटतो, अशा आवया उठल्या त्या अडाणीपणातून उठल्या असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या भीतीतून उठल्या, आणि भीतीला सबळ कारण होते.

हाफकिन यांचा आग्रह होता की टोचणे ऐच्छिकच हवे. लस पुढे गेली ती अशाच वाटेने. तरुण आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, पुन्हा पुन्हा घेतले, आणि प्रयोगशाळेला आपला खुश्रू लॉज बंगला दिला. कोणत्याही जाहीरनाम्याने झाले नसते ते काम त्या उघड्या दंडाने केले.

बडोद्याजवळच्या उंढेरा गावाचे नाव या व्यासपीठावरून मुद्दाम घेतो. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना नाही. एकच घर, एकच चूल, एकच साथ. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना प्लेग झाला, २६ गेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला, ३ गेले. शास्त्राच्या दृष्टीने याहून स्वच्छ पुरावा त्या काळी मिळणे अवघड होते. पण ते सव्वीस जण कोण होते? कोणाची आई होती, कोणाचा कर्ता मुलगा होता. भायखळ्याच्या कैद्यांनी स्वखुशीने टोचून घेतले असे नोंदले आहे, पण तुरुंगातल्या माणसाची खुशी किती मोकळी असते, हा प्रश्न मला सुटलेला नाही. या लसीचे श्रेय वाटताना तो कारकून, ते तीन शिपाई, ते कैदी आणि ते उंढेऱ्याचे गावकरी यांना वगळून चालणार नाही.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुलकोवाल इथे १०७ जणांना टोचले. त्यातले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला आणि त्यांचे पद गेले. बाटली उघडताना तिला कसलाही वास नव्हता, म्हणजे ती परळहून दूषित आलेली नव्हती, आणि उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता, या गोष्टी चौकशीत होत्याच. तरी रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे बाजू घेईपर्यंत हाफकिन कलंक घेऊन जगले. आज या सभागृहात शीतसाखळीवर आणि निर्जंतुक सुईवर बोलायला बसलेल्या प्रत्येकाला तो चिमटा ठाऊक असायला हवा.

ही लस रामबाण नव्हती. तिचे संरक्षण अपुरे आणि थोड्या काळाचे होते, आणि हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. तरीही १९२५ पर्यंत मुंबईतून तिच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या. २०२० मध्ये करोनाच्या विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाल्यावर जेमतेम नऊ आठवड्यांत सिअ‍ॅटलला पहिल्या माणसाला लस टोचली गेली. प्रयोगशाळेचा वेग एवढा वाढला. दारात उभ्या राहिलेल्या आरोग्यसेविकेचे काम मात्र तेवढेच हळू, तेवढेच नाजूक राहिले. लालबागच्या चाळींत लहान मुलांचा डॉक्टर म्हणून मी आयुष्य काढले. बाळाला ताप आला तर रात्री कोणाला हाक मारायची, एवढे सांगितले की टोचायला नाही म्हणणारी आई क्वचितच भेटली.

म्हणून स्वागत समितीने पहिले सत्र शास्त्रज्ञांना नाही, तर आरोग्यसेविकांना दिले आहे. करोनाच्या काळात कोणत्या दारावर नकार मिळाला आणि तो कशाने बदलला, हे त्या सांगतील, आणि ते सगळे लिहून घेण्याची व्यवस्था केली आहे. दुसरी विनंती घरोघरच्या जुन्या कागदांसाठी. प्लेगच्या काळात टोचल्याचे दाखले देत असत, तो दाखवला की विलगीकरणातून सूट मिळे. कोणाच्या पेटीत असा दाखला असेल तर बाहेरच्या टेबलावर त्याची छायाप्रत काढून घेतली जाईल, मूळ कागद लगेच परत मिळेल. हाफकिन संस्थेची इमारत बघायला ज्यांना जायचे आहे त्यांनी नाव नोंदवावे, उद्या सकाळी आठ वाजता इथूनच निघू.

माननीय अध्यक्षांनी संमेलनाची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.