नासणारा माल आणि समुद्राचे शेवाळ
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात समुद्राचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. कापूस घरात भरून ठेवता येतो, ज्वारी कणगीत राहते. भाव पडला तर थोडी कळ काढता येते. पण बांधावरचे सीताफळ, विहिरीच्या पाण्यावरचा टोमॅटो, पेरू थांबत नाहीत. माल नासू लागला की भाव ठरवणे आपल्या हातून जाते. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संशोधन संस्थेच्या २०१५ च्या अहवालाप्रमाणे काढणीपासून बाजारापर्यंत पेरूचे जवळजवळ १६ टक्के आणि टोमॅटोचे १२ टक्क्यांहून जास्त नुकसान होते. घाईने विकल्यामुळे भावात मार बसतो तो वेगळाच.

म्हणून मालाला चार दिवस वाढवून देणारी वस्तू आपण समजून घेतली पाहिजे. शेवाळाचा अर्क ही तशी वस्तू आहे.

लाल शेवाळापासून अगर आणि कॅराजिनन निघते, तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट. नावे परकी, वस्तू ओळखीची. हलवाई ज्याला चायना ग्रास म्हणतो ते अगरच.

तोडलेले फळही जिवंत असते. ते श्वास घेते, ऊब सोडते, पाणी गमावते आणि पिकत पिकत संपते. अल्जिनेटच्या एक-दोन टक्के द्रावणात फळ बुडवायचे, मग कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात. फळावर पातळ पापुद्रा धरतो. प्राणवायू आत कमी जातो, फळाचा श्वास मंदावतो, पिकणे लांबते. पापुद्रा फळाबरोबर खाता येतो. हाच विचार डब्यांनाही लागू पडला. लंडनच्या नॉटप्ला कंपनीने खाण्याच्या कागदी डब्यांना आतून प्लास्टिकऐवजी शेवाळाचा थर दिला आणि २०२२ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळवला.

पण यात जादू नाही. हा पापुद्रा स्वतःच पाणी पितो, त्यामुळे फळातली ओल त्यातून निसटते. ती अडवायला मेण किंवा तेल मिसळावे लागते. थर जाड झाला तर फळ आतून गुदमरते आणि आंबूस वास मारते. बुरशी आधीच शिरली असेल तर ती थराखालीही वाढते. आणि शीतगृहाची गरज यामुळे संपत नाही.

आता हे शेवाळ काढते कोण? तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, मंडपमच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या बायका पाण्यात बुड्या मारून रानचे शेवाळ काढतात. तिथेच बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस नावाचे, कॅराजिनन देणारे शेवाळ लावतात. ४५ दिवसांत ते काढणीला येते. साधारण दहा किलो ओले शेवाळ वाळून एक किलो उरते. २०१३ नंतर समुद्राचे पाणी तापले, रोग पडला आणि तराफेच्या तराफे मेले. पीक डोळ्यांदेखत जाणे म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

वाळलेले शेवाळ वजनावर विकले जाते, अर्क कारखान्यात निघतो. कष्ट किनाऱ्यावर, किंमत कारखान्यात. आपण कापूस विकून रिकामी गाडी घरी आणतो, तसेच हे.

आपल्या कापसाचेच पाहा. रुई काढल्यावर सरकीला आखूड तूस चिकटून राहते, तिला लिंटर म्हणतात. त्यापासून सेल्युलोजचे जे पदार्थ बनतात, तेही फळांवरच्या थरात वापरले जातात. ज्वारीच्या ताटावरची पांढरी पूड म्हणजे मेण. ज्वारीच्या दाण्यावरही मेण असते, आणि खाता येणाऱ्या थरासाठी संशोधकांनी ते तपासले आहे. शेवाळाच्या पापुद्र्याला जे कमी पडते, ते आपल्या शिवारात उभे आहे.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ‘शेवाळाची पावडर’ म्हणून कोणी पुडा घेऊन आला तर ती खाण्यालायक असल्याचा कागद मागा. पिकावर फवारायचा शेवाळाचा अर्क निराळा, तो फळावर लावून खायचा नाही. दुसरी, विश्वास ठेवण्याआधी तोलून पाहा. एकाच दिवशी तोडलेली दहा फळे थर देऊन आणि दहा तशीच, शेजारी ठेवा. आठ दिवस रोज वजन करा, वास घ्या, कापून पाहा. आकडे वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला आणा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. फळावर थर ज्याच्या गोदामात बसेल, वाढलेले दिवस त्याचे. व्यापाऱ्याच्या गोदामात बसला तर कळ काढायची ताकद त्याला मिळेल आणि आपण संध्याकाळच्या भावाने माल टाकून घरी येऊ. थर द्यायचे टाके आणि मालाची निवड गावात, आपल्या गटाच्या हातात हवी. दिवस आपल्याकडे राहिले तरच भावाची गोष्ट बोलता येईल.