खेळातली देवी आणि खरा पाऊस

आगोटीची कामं चालली असतील. लाकडं आत घ्यायची, कौलं चाळायची, पापड डब्यात भरायचे. हात चालू ठेवा, कान इकडे द्या.

आमची वाडी महाडच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर आहे. तळीये आमच्यापासून फार लांब नाही. २२ जुलै २०२१ ला तिथं दरड कोसळली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. तिन्ही वेळा जुलै महिना आणि धो धो पाऊस.

तळीयेनंतर आमच्या बचत गटानं ठरवलं, की दरवर्षी मृगाच्या आधी दरडीचा खेळ करायचा. नाटकासारखं पाठांतर नाही. प्रत्येकीनं एक सोंग घ्यायचं आणि त्या माणसासारखं वागायचं. एक सरपंच, एक आशाताई, एक आठवा महिना लागलेली सून, एक अंथरुणाला खिळलेली सासू. एकजण पाऊस. गावाचं नाव खोटं ठेवलं, वरचीवाडी. जी गावं खरोखर गेली, त्यांचं सोंग आम्ही घेत नाही. त्यांची माणसं अजून रडतात.

पहिल्या वर्षी एक आजी देवी झाल्या. हिरवं लुगडं, मळवट भरलेला, हातात लिंबाचा डहाळा. पाऊस झालेल्या बाईनं पत्रा बडवायला सुरुवात केली. आजी रंगात आल्या, हात वर करून म्हणाल्या, "थांब! माझी लेकरं आहेत ही!" आणि पत्रा थांबला की! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खेळ दहा मिनिटांत संपला. मग सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "पण मग आपण जायचं कुठं?" कुणाला उत्तर देता आलं नाही. कारण खेळात कुणी घराबाहेर पाऊलच टाकलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही देवीलाच काढून टाकलं. सगळं कागदावर लिहिल्यासारखं केलं. भोंगा वाजला, बाया उठल्या, शाळेत गेल्या, हजेरी झाली. म्हाताऱ्या आल्याच नाहीत. आलेल्या बायाही नुसत्या चालत होत्या. आणि मला वाटलं, हे तर पहिल्यापेक्षा खोटं झालं. कारण खऱ्या रात्री आपल्याकडे काय होतं? कुणीतरी म्हणतंच, "गुरवाला बोलवा, कौल लावू, मग ठरवू." कुणी म्हणतं, "देव्हारा सोडून कशी येऊ?" हे बोलणं खेळातून वगळलं, तर त्याला उत्तर द्यायची सवय कधी होणार?

म्हणून तिसऱ्या वर्षी देवी परत आणली. पण आधी बसून काही गोष्टी ठरवल्या.

पहिली, पाऊस कुणाचं ऐकणार नाही. कितव्या मिनिटाला काय होणार, ते पावसाच्या बाईकडे कागदावर लिहिलेलं असतं. दहाव्या मिनिटाला झऱ्याचं पाणी गढूळ. पंधराव्या मिनिटाला परसात भेग. विसाव्या मिनिटाला दार चौकटीत अडकतं, विजेचा खांब कलतो. तिसाव्या मिनिटाला गडगडाट आणि दरड. देवी हात वर करो नाहीतर सरपंच ओरडो, कागद बदलत नाही. वेळ भिंतीवरच्या घड्याळातली.

दुसरी, देवी बोलेल, पण गावात कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलंच बोलेल. दरड कधी पडणार, कोण वाचणार, हे ती सांगणार नाही. आणि नाव आपल्या ग्रामदेवीचं घ्यायचं नाही. वरचीवाडीची देवीही खोटीच. म्हणजे कुणाची श्रद्धा दुखावत नाही, आणि खेळातला शब्द उद्या कुणी देवीचा हुकूम म्हणून मिरवत नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला ठेच लागून कळली. त्या वर्षी खेळ रंगात असताना एकजण बोलून गेली, "हे आलं कुणाच्या पायानं? गावात कुणीतरी काहीतरी केलंय." आणि तिनं बोट दाखवलं ते विधवा सुनेचं सोंग घेतलेल्या बाईकडे. बोलणारीच्या मनात काही नव्हतं. पण ती बाई खरोखर विधवा. ती गप्प झाली, पदर तोंडाला लावून खाली बसली. आम्ही खेळ तिथंच थांबवला. बायांनो, संकट आलं की बोट नेमकं कुणाकडे वळतं, हे त्या एका क्षणात आम्हाला दिसलं. नव्या सुनेकडे, एकट्या बाईकडे, वाडीच्या टोकाला राहणारीकडे. डोंगर भिजतो, माती पाण्यानं जड होते, तिची खालच्या खडकावरची पकड सुटते. त्यात कुणाच्या पायाचा काय संबंध? तेव्हापासून देवी कुणाला शिक्षा करत नाही, असं पक्कं ठरलं. आणि कुणालाही खेळ नको वाटला, तर नुसता हात वर करायचा. कारण विचारायचं नाही.

मग आठ दिवसांनी पुन्हा खेळलो. भेग पडली तरी एक सासूबाई हटेनात. "देवी सांगेल तर उठेन." तेव्हा आमच्या आजी, म्हणजे देवी, डहाळा घेऊन त्यांच्यापुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या देवळामागचा झरा गढूळ झालाय, तू स्वतः पाहिलास. मी दगडाची आहे, मला काही होत नाही. तू उठ." हे आम्ही कुणी शिकवलेलं नव्हतं. सासूबाई उठल्या. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून पिशवीत टाकले, गाईचं दावं सोडलं आणि निघाल्या.

अंथरुणावरच्या सासूला लुगड्याच्या झोळीतून न्यायचं होतं. पाच मिनिटं लागतील असं आम्ही धरलं होतं. गाठ दोनदा सुटली, शाळेपर्यंत बावीस मिनिटं लागली. तोवर दरड पडून गेली होती. खेळात आम्ही त्या आजीला वाचवू शकलो नाही, आणि खोटं खोटं वाचवलंही नाही. म्हणून तर आज आमच्याकडे बांबू आणि घोंगडीची डोली तयार आहे, आणि आजाऱ्याला सगळ्यात आधी, उजेडातच हलवायचं असं ठरलं आहे.

तुमच्या गटात खेळ करणार असाल तर एवढं करा. देवीला येऊ द्या, पण तिच्या हातात पाऊस देऊ नका आणि काठीही देऊ नका. ओढ्याच्या वाटेनं खाली पळू नका, दरडीच्या वाटेतून आडव्या बाजूला निघा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ मुलांकडून भिंतीवर लिहून घ्या. खेळ संपला की लगेच पांगू नका. चहा करा, लहान मुलांना जवळ घ्या, आजींचा मळवट त्यांच्यासमोर पुसा. म्हणजे त्यांना कळतं, सोंग संपलं, आजी आपल्याच आहेत.

उद्या पाण्याला जाल तेव्हा झऱ्याकडे एकदा नीट बघा. नेहमी कसा दिसतो ते डोळ्यात ठेवा, म्हणजे बदलला तर कळेल.

येते मी. जपून राहा.